चारही सिलिंडर चालू

आई गेल्यावर बाबांचं बाहेर पडणं म्हणजे फक्त रविवारची आमची फेरी. बदलापूरच्या हेंद्रेपाड्याहून मी त्यांना गाडीत बसवायचं, उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये दाल-पकवान खायचं आणि घरी यायचं. मी हौसेने नवी एसयूव्ही घेतली आणि तेवढंही बंद पडायची वेळ आली.

या गाडीला काटकसरीची खोड आहे. रस्ता मोकळा असला आणि पाय हलका असला, की ती चारपैकी दोन सिलिंडर गुपचूप बंद करते. पेट्रोल वाचतं म्हणे. मला नुसती बारीक घरघर जाणवायची. पण बाबांचं आयुष्य अंबरनाथच्या कारखान्यात शिफ्ट ऑफिसर म्हणून गेलेलं. मशीनचा आवाज बदलला म्हणजे काहीतरी बिघडलं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. घरघर सुरू झाली की ते डॅशबोर्डवर तळवा ठेवायचे, पोराचा ताप बघावा तसा, आणि घर येईपर्यंत काढायचे नाहीत. शोरूमवाल्याने सांगितलं, दोष काही नाही, दोन सिलिंडर आपोआप बंद होतात, ही गाडी अशीच. मीही बाबांना तेच ऐकवलं, जरा चढ्या आवाजात. पुढच्या रविवारी ते म्हणाले, "तूच जाऊन ये. माझं काय अडलंय तिथे?"

मला रडूच आलं. कशीबशी मनधरणी करून त्यांना निघायला लावलं. अंबरनाथच्या पुलावर चढताना ते पुटपुटले, की चढाला बरी चालते ही. माझी ट्यूब पेटली. चढाला इंजिनाला जोर लावावा लागतो, म्हणून चारही सिलिंडर कामाला लागतात. मग सपाटीलाही लावू की जोर! पूल उतरल्यावर मी ऑटोमॅटिक गिअरचा दांडा मॅन्युअलवर ओढला आणि एक गिअर खाली आणला. इंजिन जरा मोठ्याने बोलू लागलं, पण एका सुरात. खड्ड्यात गेलं ते पेट्रोल.

बाबा बराच वेळ कान देऊन बसले होते.

"बंद केलंस वाटतं ते?"

"हो बाबा. आता चारही चालू आहेत."

त्यांनी डॅशबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मला इतकं हलकं वाटलं, की पुढच्या सिग्नलला आडव्या आलेल्या रिक्षावाल्यालाही मी काही बोलले नाही.

दाल-पकवान खाऊन परतताना, बदलापूर येईपर्यंत बाबा मान कलती करून घोरायला लागले होते. आई गेल्यापासून त्यांना अशी गाढ झोप लागलेली मी पाहिली नव्हती. हेंद्रेपाड्याचं वळण आलं. मी वळलेच नाही, त्याच गिअरमध्ये सरळ पुढे जात राहिले.