शिक्का खरा की नुसता लावलेला

२०२० च्या उन्हाळ्यात, इकडे परदेशात, मी कायमची नोकरी सोडून कंत्राटी काम घेतलं. काम बॉल्सब्रिजमधल्या एका कंपनीचं, पण करायचं मेनूथ गावातल्या आमच्या घरातून, जेवणाच्या टेबलावरून. सॉफ्टवेअर टेस्टिंगचंच काम, त्यामुळे त्याची धास्ती नव्हती. घोळ होता पगाराचा. एजन्सीने सांगितलं, मध्ये एक अंब्रेला कंपनी लागेल. तुमच्या कामाचे पैसे तिच्याकडे जमा होतात, ती कर कापते आणि उरलेला पगार तुम्हाला देते. म्हणजे माझी कमाई आधी अनोळखी माणसांच्या हातात जाणार.

शोधाशोध करून नवऱ्याने आणि मी दोन कंपन्या बाजूला काढल्या. पहिलीची वेबसाइट एकदम चकाचक, आणि वरच पेरोल, म्हणजे पगार वाटणाऱ्या, कंपन्यांच्या संघटनेचा मान्यतेचा शिक्का. दुसरीची साधी; तोच शिक्का अगदी तळाशी. नवरा म्हणाला, शिक्का आहे म्हणजे झालं, पहिलीच घेऊ. मलाही पटलं.

आई तेव्हा आमच्याकडे होती. नागपूरहून थोड्या दिवसांसाठी आलेली आणि विमानं बंद झाल्याने अडकलेली. भाजी निवडताना तिने सगळं ऐकलं आणि हा शिक्का देतं कोण, ते विचारलं. संघटना बाहेरचे ऑडिटर पाठवून कंपनीचे व्यवहार तपासते, मगच शिक्का देते, असं मी सांगितलं.

"मंग त्यायलेच फोन करून विचार ना," आई म्हणाली. "चित्र तर कोणीबी लावते."

उगाच कुणाला त्रास द्यायचा, असं वाटलं, तरी फोन लावला. पलीकडच्या बाई घरूनच काम करत होत्या; मागे कुत्रं भुंकत होतं. आधी पाच मिनिटं त्या हवेबद्दलच बोलल्या. दुसरी कंपनी 'ग्रँड', म्हणजे इकडच्या बोलीत एकदम ठीक, असं म्हणाल्या, जुनी सभासद आहे. पहिलीचं नाव ऐकून मात्र त्यांनी यादी तपासली.

"ती आमची नाही," त्या म्हणाल्या. "कधीच नव्हती."

मी आईकडे पाहिलं. काय ते तिला चेहऱ्यावरूनच कळलं. तिने चहाचं आधण ठेवलं.

चकाचक कंपनीला फोन केला, तर तिथला सेल्समन म्हणाला, डिझायनरची चूक झाली असेल. दुसऱ्या दिवशी वेबसाइटवरून शिक्का गायब होता. कुत्र्यावाल्या बाईंनी तिकडे खरमरीत फोन केला असणार, अशी आमची खात्री आहे.

साध्या कंपनीत मी नाव नोंदवलं. काय कापलं जाईल, का कापलं जाईल, हे तिथल्या माणसाने न कंटाळता समजावलं. पहिला पगार ठरल्या शुक्रवारी आला, आणि आईने गाजराचा हलवा केला.

पुढच्या वर्षी विमानं सुरू झाल्यावर ती नागपूरला परतली. मग एकदा भावाचा वैतागलेला फोन आला. सोसायटीच्या लिफ्टचं काम द्यायचं होतं, आणि कंपनीचं लायसन्स खरं आहे का, हे विचारायला आई सकाळपासून सरकारी ऑफिसला फोन लावत बसली होती.

"लागला का?" मी विचारलं.

"लागला," तो म्हणाला. "आता साहेबांशी गप्पा चालल्यात."