विहिरीला लागलेला रंग

सोलापूरच्या वेशीबाहेर, माळाच्या कडेला नागनाथचा रंगाचा कारखाना. चादरींचं सूत तो रंगवायचा. सूत वाळलं की पांढरं फडकं ओलं करून त्यावर घासायचा. फडकं कोरं राहिलं तरच माल बाहेर. वीस वर्षांत त्याचा लाल रंग कुणाच्या अंगाला लागला नव्हता, आणि हे तो ताठ मानेनं सांगायचा.

रंगाचं पाणी मात्र ओढ्यात जायचं. तपासणीला आलेला साहेब म्हणाला, "ओढ्यात थेंब सोडायचा नाही. पक्की टाकी बांधा, पाणी साफ करा."

नागनाथनं मान डोलावली आणि खड्डा खणला. दोन पुरुष खोल, तळाला दगडगोटे, वर वाळू. त्याचा जन्म दुष्काळी सांगोल्याकडचा. तिकडं कळत्या वयापासून एकच शिकवण, पाणी वाहू द्यायचं नाही, जमिनीत जिरवायचं. जमीन सगळं गाळून घेते, असं त्याचा बाप म्हणायचा. पहिल्या दिवशी लाल पाणी वाळूत हळूहळू गडप झालं, तेव्हा नागनाथला पुण्य केल्यासारखं वाटलं.

पाच महिन्यांनी शेजारच्या रानातली येसूबाई कळशी घेऊन आली.

"नागनाथ, हे बघ की."

पाणी गुलाबी होतं.

"शेरडं तोंड लावंनात. म्या म्हनलं, हिरीनं कुंकू लावलं का काय." बोलताना ती हसली नाही.

"आक्का, खड्डा आजच बुजवतो."

"बुजव. पर आत गेलंय त्येचं काय?"

त्यानं खड्डा बुजवला, रंगकाम थांबवलं. विहीर तीनदा उपसून पाणी टँकरनं लांब धाडलं. तिन्ही वेळा झरे गुलाबीच फुटले. साहेबानं बाटलीत नमुना नेला. कधी निवळेल म्हणून विचारलं, तर म्हणाला, "सांगता येत नाही. वर्षं लागतील."

आता रोज सकाळी नागनाथ शहरातून पाण्याचे दोन कॅन आणून येसूबाईच्या दारात ठेवतो. मग विहिरीवर जातो. बादली शेंदतो, नवं पांढरं फडकं बुडवतो, पिळतो आणि उन्हाकडं धरून बघत राहतो.

येसूबाई शेळीची धार काढत असते. मान न वळवता विचारते, "ऱ्हायलं का रं कोरं?"

"न्हाय, आक्का."

"बरं. उद्या बघ."

नागनाथ फडकं झटकतो आणि बाभळीच्या फांदीवर, कालच्या फडक्याशेजारी वाळत घालतो.