आखूड बोल्ट

गिदोन अमोलिक श्रीरामपूरचा. आयटीआय करून नगरच्या एमआयडीसीत लागला तो तिथंच पिकला. त्यांच्या कारखान्यात रेल्वेच्या डिझेल इंजिनांचे पिस्टन बनायचे. दौंड-मनमाड मार्गावर विजेच्या तारा आल्या, तरी मालगाड्यांना अधूनमधून डिझेल लागायचंच, त्यामुळं काम थांबलं नव्हतं. नवा पिस्टन चाचणीच्या इंजिनात घालून, तापवून, दमवून तपासायचा आणि शेवटी कागदावर सही करायची, हे गिदोनचं काम. अठरा वर्षं त्याच्या सहीशिवाय एकही नवा पिस्टन बाहेर पडला नाही, आणि याचा त्याला गर्व होता.

डिझाइन विभागाचे प्रमुख नृसिंह धर्माधिकारी. हुशार माणूस, रविवारीही ड्रॉइंगवर बसणारा. पण या दोघांचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. गिदोन चारचौघांत साहेबांच्या चुका काढायचा. साहेब त्याला नावानं हाक न मारता ‘ते फिटर’ म्हणायचे. घरी जेवताना गिदोनच्या तोंडी रोज तेच नाव. शेवटी त्याच्या बायकोनं, मेरीनं, निक्षून सांगितलं, की ताटावर बसल्यावर त्या माणसाचं नाव काढायचं नाही.

रेल्वेच्या पिस्टनचं वरचं टोपण पोलादी आणि खालचा भाग ॲल्युमिनियमचा असतो. दोन्ही चार बोल्टांनी घट्ट आवळलेले. बोल्ट लांब असावा म्हणून त्याच्याखाली एक पोलादी नळी बसवायचे. लांब बोल्ट थोडा ताणला जातो आणि इंजिन कितीही तापलं-निवलं तरी पकड सोडत नाही. नृसिंहनी ती नळी काढून टाकली आणि बोल्ट आखूड केला. पिस्टन हलका झाला, तेलाला वाट मोकळी झाली. वरच्यांनी त्यांचं कौतुक केलं.

गिदोननं चाचणी घेतली. इंजिन कधी पूर्ण ताकदीनं पळवलं, कधी नुसतं घुरघुरत ठेवलं. एकशेवीस तासांनी उघडलं तर दोन बोल्ट सैल. साहेब म्हणाले, तुमच्या माणसांनी नीट आवळले नव्हते. त्यांनी स्वतःच्या माणसाकडून पुन्हा बोल्ट आवळून घेतले आणि इंजिन पन्नास तास एकाच वेगानं चालवलं. या वेळी काहीच सैल झालं नाही.

“एकसारखं पळवल्यावर बोल्ट धरणारच,” गिदोन म्हणाला. “गाडी अशी चालते का साहेब? चढाला पूर्ण जोर, सिग्नलला नुसती उभी.”

“अमोलिक, तुम्ही बोल्टांवर पाने फिरवा. विचार करायला आम्ही आहोत.”

गिदोननं सही केली नाही. आठवड्याभरात त्याची बदली पॅकिंगला झाली आणि सही दुसऱ्यानं केली. पिस्टनचे खोके खिळ्यांनी बंद करताना त्याला एकच आस असायची, की यातला एक तरी फुटावा. तो कुणालाच काही बोलला नाही. रेल्वेचे तपासनीस महिन्यातून एकदा यायचे आणि त्याच्या टेबलासमोरून चहा घेऊन जायचे. त्यांनाही त्यानं सांगितलं नाही. ज्यांनी त्याला हाकललं होतं त्यांनीच निस्तरावं, असं त्यानं ठरवलं होतं.

सात महिन्यांनी भर दुपारी पुणतांब्याजवळ एका मालगाडीचं इंजिन फुटलं. बोल्ट सुटून पिस्टनचं टोपण निखळलं आणि त्याखालचा दांडा इंजिनाच्या कुशीतून बाहेर आला. धोक्याची घंटा वाजली म्हणून सहायक चालक इंजिनखोलीत गेला होता, त्याच्या अंगावर उकळतं तेल उडालं. कारखान्यात बातमी आली तेव्हा गिदोनला पहिल्यांदा आनंद झाला. आता साहेबाला कळेल, हेच मनात आलं. माणूस भाजल्याचं त्यानं नंतर ऐकलं.

तो दवाखान्यात गेला. भाजलेला गोरक्षनाथ पुणतांब्याचाच, सव्वीस वर्षांचा. दोन्ही हात आणि अर्धा चेहरा पट्ट्यांत. बाहेर बाकावर त्याची आई बायडाबाई बसली होती. गिदोननं तिला सगळं सांगितलं. दोष एका साहेबाचा आहे, मी आधीच बजावलं होतं, हेही सांगितलं. कुणीतरी आपलं म्हणणं खरं होतं असं म्हणावं, एवढ्यासाठीच तो बोलत होता.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुमाला ठावं हुतं?”

“हो.”

“मग रेल्वेच्या लोकास्नी का न्हाई सांगितलं?”

गिदोन जायला वळला.

“तुमी त्या सायबापरीस वंगाळ,” ती म्हणाली. “त्याला कळलंच न्हवतं. तुमाला कळत हुतं.”

चौकशीत नृसिंह ठाम राहिले. चाचणी पास होती आणि कागदावर सही होती. मग गिदोनला बोलावलं. पहिल्या चाचणीची आकडेवारी त्यानं तोंडपाठ सांगितली आणि तेव्हा सैल बोल्ट दाखवल्यावर साहेबांनी काय उत्तर दिलं होतं तेही सांगितलं. अधिकारी कागद आवरू लागले तसा तो म्हणाला, “अजून एक लिहून घ्या. मला सात महिने माहीत होतं आणि मी गप्प बसलो. तो पिस्टन फुटावा असं मला वाटत होतं.”

रेल्वेनं ते सगळे पिस्टन काढून तपासले. त्यातल्या एक तृतीयांश पिस्टनांचे बोल्ट सैल निघाले. नळी पुन्हा आली. नृसिंहना डिझाइनमधून काढून खरेदी विभागात टाकलं. गिदोननं स्वतःच कबुली दिल्यामुळं कंपनीनं त्याला निवृत्तीच्या वर्षभर आधी कामावरून कमी केलं. सामान न्यायला आला तेव्हा नृसिंह जिन्यात भेटले.

“मला बुडवायला स्वतःही बुडालात,” ते म्हणाले.

“मी जे सांगितलं ते तुम्हाला बुडवायला नव्हतं,” गिदोन म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. त्याचा राग मात्र तसूभर कमी झाला नव्हता. आजही झालेला नाही.

आता तो श्रीरामपुरात ट्रॅक्टरचे डिझेल पंप दुरुस्त करतो. गोरक्षनाथ बरा झाला, पण मुठी पुरत्या मिटत नाहीत. रेल्वेनं त्याला टेबलाचं काम दिलं. गिदोन दोनदा पुणतांब्याला गेला. पहिल्या वेळी गोरक्षनाथनं खुर्ची दिली, चहा दिला, इंजिनाबद्दल चार प्रश्नही विचारले. दुसऱ्या वेळी बायडाबाईनं अंगणातूनच परत पाठवलं. पुन्हा येऊ नका म्हणाली. तेव्हापासून तो गेलेला नाही.