तिसरा पाहुणा

ठसेवालीच्या स्वयंपाकघरात त्या सकाळी पाऊल ठेवायला जागा नव्हती. शाईचा डबा, रोलर, जुनी वर्तमानपत्रं, आणि मधोमध दोन महिने खपून कोरलेला हातभर लांब लाकडी ठसा. संध्याकाळी पाचच्या आत चित्र कलाशाळेत पोचवायचं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईचं पहिलं चित्र! सकाळपासून चहाचे दोन कप गार झाले, तिला पत्ता नाही.

एकतीस वर्षं तिनं कापडछपाईच्या कारखान्यात ठसे कोरले. पानं, फुलं, वेली, काय म्हणाल ते. तिनं कोरायचं, दुसऱ्यांनी छापायचं आणि कापडावर नाव लागायचं मालकाचं. ठसेवालीला कोण विचारतो? कारखाना बंद झाला तेव्हा तिच्या निरोपाला एक हार नाही की दोन शब्द नाहीत. घरी बसून हात नुसते शिवशिवायला लागले. अशात कलाशाळेची पाटी दिसली: बायबलातल्या गोष्टींवर लाकडी ठशांची चित्रं मागवली आहेत, कुणीही पाठवावीत, अट इतकीच की एक कागद आणि एकच छाप. पाटी वाचल्या वाचल्या तिनं ठरवून टाकलं, आपण साराची गोष्ट करायची.

गोष्ट साधी आहे. म्हाताऱ्या अब्राहामाच्या तंबूपाशी तीन अनोळखी पाहुणे येतात, झाडाखाली जेवायला बसतात आणि सांगतात, पुढच्या वर्षी तुझ्या बायकोला मुलगा होईल. नव्वदीला टेकलेली सारा दाराआडून हे ऐकते आणि तिला हसू आवरत नाही. ठसेवालीनं सारा कोरली ती आजची: पायात स्लीपर, खांद्यावर ओला टॉवेल, तोंडावर हात दाबून हसणारी. अब्राहामाला तिनं प्लास्टिकची खुर्ची दिली. म्हातारा माणूस, जमिनीवर कुठे बसवायचा?

कागदाचं दुसरं टोक धरायला शेजारीच राहणारी नणंद आली होती. ही बाई शिवणकाम करते आणि बोलायला कुणाला भीत नाही. दोघींनी कागद ठशावर अलगद ठेवला, चमच्याच्या पाठीनं तासभर घासला आणि मग हळूच सोलून काढला. सारा अशी हसत बाहेर आली की नणंदही हसली.

ठसेवालीचा चेहरा मात्र पडला. "वन्सं, पाहुणे मोजा जरा."

"एक, दोन," नणंद म्हणाली. "आणि हा काय प्रकार, वहिनी? इकडे अर्धा माणूस, तिकडे अर्धा?"

घात केला होता तो सवयीनं. कापडाच्या ठशाची रीतच असते: एका कडेला पान अर्धं तुटलं की उरलेलं अर्धं दुसऱ्या कडेला कोरायचं, म्हणजे ठशाशेजारी ठसा उमटला की पान पुरं होतं. ही रीत बाईच्या हाडीमाशी खिळलेली. दोन महिने ती रोज त्या अर्ध्या-अर्ध्या पाहुण्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांना तो पुराच दिसत होता. कारखान्यात स्वतः कधी छापलं असतं तर एखादा कच्चा छाप आधी काढून बघितला असता. आता बसा!

"शेजारी आणखी एक छाप मारला की होईल पुरा," नणंद म्हणाली.

"एकच छाप, अशी अट आहे. आणि दुसरा ठसा कोरायचा तर पुन्हा दोन महिने." ठसेवाली फरशीवरच बसली. "जाऊ दे. मला मेलीला कुणी सांगितलं होतं चित्रं काढायला?"

रडू आलं होतं तिला, अगदी खरं रडू. नणंदेनं तिच्याकडे लक्षच दिलं नाही. ती डोकं तिरकं करून एकदा या कडेकडे, एकदा त्या कडेकडे बघत होती.

"वहिनी, दोन्ही कडा नेमक्या जुळतात?"

"केसाचाही फरक पडायचा नाही."

"मग बाही करू की याची."

ठसेवाली ताडकन उठली. एकच कागद, एकच छाप, आणि गोल वळवला की कडेला कड! नणंद घरी पळाली आणि कात्री घेऊन आली. आपल्या कापडाच्या कात्रीला कागद शिवू न देणारी ही बाई, नवऱ्याशी त्यावरून दोनदा भांडलेली, तिनं स्वतःच्या हातानं कोऱ्या कडा सरळ कापल्या. तीन वाजेपर्यंत कागद पंख्यापुढे वाळवला, डिंक लावला, आणि शिवणीवर तिसरा पाहुणा अख्खा उभा राहिला. मग दोघी ती नळी तान्ह्या बाळासारखी धरून रस्त्यानं जवळजवळ धावतच निघाल्या.

पाचला दहा कमी असताना कलाशाळेच्या मॅडमनी ती टेबलावर उभी केली. पुढून पाहिली. कपाळाला आठ्या घातल्या. मग टेबलाभोवती चालायला लागल्या. एक फेरी झाली, दुसरी झाली. साराचं हसू, खुर्ची, झाड, पाहुणे, पुन्हा सारा.

"एकच छाप आहे?"

"एकच."

"हे भिंतीवर लावता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. ठसेवालीनं मान खाली घातली. "दालनाच्या मधोमध ठेवावं लागेल. लोक भोवती फिरतील."

नणंदेनं ठसेवालीच्या दंडाला इतका जोरात चिमटा काढला की तो चार दिवस निळा होता.

मॅडमनी फॉर्म पुढे ओढला. नाव लिहिलं, वय लिहिलं, चित्राचं नाव लिहिलं. "याआधी तुमचं काम कुठे पाहायला मिळेल?"

हे पहिलंच, असं सांगायला ठसेवालीनं तोंड उघडलं आणि तशीच थांबली. मॅडमच्या गळ्यात सुती स्कार्फ होता. त्याच्या काठावर पानाशेजारी पान, एकही सांधा न दिसता, गोल गेलं होतं.

"तुमच्या गळ्यात आहे," ती म्हणाली. "लिहा तसं."