रंग अजून ओला आहे

हिंगणघाटात बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं रंगाचं दुकान आहे. स्वभावानं मी चिडकी. कोणाच्या दारावर रंगाचा ओघळ दिसला, की परक्या घरी पाहुणी म्हणून गेले असले तरी माझं चहात लक्ष लागत नाही. अशा बाईनं जुनी गाडी घेतली ती निव्वळ तिच्या चाकांवर भाळून. गाडी साधीच, करड्या रंगाची, पण चाकं अलॉयची, चंदेरी. नागपूरच्या विकणाऱ्यानं इंजिनाबद्दल बरंच काही सांगितलं. मी ऐकलं नाही, मी चाकंच बघत होते.

घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी हिंगणघाटच्या आसपासच्या रस्त्यांवर गेली आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीला साधा पोचा आला नाही. त्यांचा पितळी बिल्ला आमच्या देव्हाऱ्यात असतो. हसायचं असेल तर हसा, पण त्याला रोज हळदकुंकू लागतं. मला गाडी त्यांनीच शिकवली, आणि प्रत्येक गिअरला एक शिवी दिली. तरी गेल्या वर्षापासून ते स्वतः गाडीला हात लावत नव्हते. "आता तूच चालव पोरी, माही ड्युटी संपली," म्हणाले होते.

पहिला ओरखडा दिसला तो ऐन उन्हाळ्यात. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाची कड चांगली चार बोटं खरवडून निघाली होती. मला वाटलं, बाजारात मीच कुठेतरी घासली. स्वतःवर चरफडत एका रविवारी पहाटे कामाला बसले.

पहाटेच बसावं लागतं. आमच्याकडच्या उन्हात स्प्रे मारला तर रंग चाकापर्यंत पोचायच्या आत हवेतच सुकतो आणि वर नुसती भुकटी बसते. जॅक लावून चाक उतरवलं, बादली पालथी घालून तिच्यावर आडवं ठेवलं. भांड्याच्या साबणानं धुतलं, थिनरनं पुसलं. टायर आणि कडेच्या मधल्या फटीत बाबांच्या कॅटमधले पत्ते गोल खोचले, म्हणजे रंग टायरवर जात नाही. मग पॉलिश पेपर. आधी खरखरीत, मग पाण्यात भिजवलेला मऊ. खड्ड्यात पुट्टी भरायची, सुकली की परत घासायची, डोळे मिटून बोट फिरवायचं. बोटाला जोड लागला नाही तरच प्रायमर, वर चंदेरी रंगाचे पातळ हात, शेवटी क्लिअर कोट.

बाबा स्टुलावर बसून सगळं बघत होते.

"राजा-राणीले कायले रंगवून राह्यली?"

"नवा कॅट आणून देते, बाबा."

"काम मात्र मस्त करते तू. डेपोत असती तर मेकॅनिक झाली असती."

बाबांकडून एवढं कौतुक म्हणजे सोन्याचा दिवस. संध्याकाळी चाक बसवलं आणि मी दोनदा अंगणात जाऊन ते बघून आले.

आठवडा गेला नसेल, त्याच चाकावर नवा ओरखडा. जागा जरा पुढची, पण कड तीच, खोलीही तीच. या खेपेला मी नक्की काही केलं नव्हतं. दुकानात मी स्कूटीनं जाते, गाडी शेडमध्ये उभी असते. वाकून बघितलं तर खरवडलेल्या धातूत तांबूस पूड बसली होती. बोटावर घेतली. गेरू. गेरू मी किलोवारी विकते, तो मला नवा नव्हता. पण आमच्या अंगणात, शेडमध्ये, गल्लीत कुठेही गेरूचा ठिपका नाही.

मी परत घासलं, परत रंगवलं. परत ओरखडा, परत गेरू.

आता मला राग यायचा बंद झाला आणि वेगळंच काहीतरी वाटायला लागलं. गाडीत बसले तर आतला आरसा खाली वळवलेला. मागची काच दिसायच्या ऐवजी त्यात मागची सीट दिसत होती, रिकामी. मी आरसा नीट केला. दोन दिवसांनी तो पुन्हा मागच्या सीटकडे बघत होता. किल्ली आपली दाराजवळच्या खिळ्याला, जिथल्या तिथे.

बाबांना विचारलं, तर ते दुखावले. "माह्या हातून कवा घासली काय गाडी? मी तं दुपारी झोपून राहतो." ते खोटं बोलत नव्हते. बाबांचं खोटं मला ओळखू येतं, खोटं बोलताना ते कान खाजवतात.

शेजारच्या काकूंनी गाडीला लिंबू-मिरची बांधली. वर म्हणाल्या, "जुनी गाडी हाय. आधी कोन बसत होतं तिच्यात, आपल्याले काय मालूम?" मी त्यांना हसले. रात्री आडवी झाले तेव्हा मात्र तो आरसा डोळ्यांपुढून हलेना.

आमच्याकडे मे महिन्यात दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. लहानपणी आई त्या वेळेला अंगणातसुद्धा जाऊ द्यायची नाही. भर दुपारी बाहेर कोण कोण हिंडतं याची तिच्याकडे यादीच होती. एके दिवशी मी दुकान बंद केलं आणि त्या वेळेला घरी यायला निघाले. गल्लीच्या तोंडाशी पोचते तोच समोरून आमची गाडी बाहेर पडली.

गाडी बाबा चालवत होते. अंगात खाकी शर्ट होता, पेटीच्या तळाशी ठेवलेला. ते माझ्या अगदी जवळून गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं रस्त्यावरच्या कुठल्याही स्कूटीवालीकडे ड्रायव्हर बघतो तसं, आणि पुढे गेले.

मी हाक मारली नाही. का मारली नाही, ते सांगता येत नाही. मी स्कूटी वळवून मागे लागले.

गाडी हायवेला लागली, जाम गावाच्या दिशेनं. बाजूनं ट्रक सुसाट जात होते आणि बाबा आपल्या ठरल्या वेगानं, डाव्या अंगानं. गावांच्या फाट्यावर ते थांबायचे. जिथे कोणी नाही, तिथेही. जिथला थांबा रस्ता रुंद करताना कधीच उखडून टाकलाय, तिथेही. थांबायचं, आरशात बघायचं, थोडा वेळ तसंच बसायचं आणि मग निघायचं.

एका फाट्यावर प्रवासी निवारा अजून उभा आहे. रस्ता वाढला तसा त्याचा ओटा डांबराला येऊन टेकलाय. ओट्याची कड गेरूनं रंगवलेली. तिच्यावर एक म्हातारी पाय खाली सोडून बसली होती, मांडीवर पिशवी. बाबांनी गाडी फलाटाला लावावी तशी ओट्याला आणली. करकरत चाक घासलं. मी ओरडले, पण लूच्या, त्या गरम वाऱ्याच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. म्हातारीनं सवयीनं पाय वर घेतले. ती जिथे पाय सोडून बसली होती, तिथून चाक गेलं.

गाडी थांबली. इंजिन चालू. मी लिंबाच्या झाडाआड उभी होते, तिथून मला आरशातले बाबांचे डोळे दिसत होते. ते मागच्या सीटवर कोणाकोणाला बघत होते. मग त्यांनी मान जराशी तिरकी केली, कान दिला. कंडक्टरनं दोरी ओढली की दोनदा घंटी वाजते, तेव्हा गाडी हलते. त्या फाट्यावर वाऱ्याशिवाय काही वाजत नव्हतं. बाबांनी मान डोलावली, गिअर टाकला आणि गाडी निघाली.

मी म्हातारीजवळ गेले. ती म्हणाली, "रोजचीच हाय ती गाडी. येते, थांबते. कोनी चढत नाई, कोनी उतरत नाई. जाते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू एवढ्या उन्हात काऊन फिरून राह्यली माय? पानी पे."

मी घरी पोचले तेव्हा गाडी शेडमध्ये होती आणि किल्ली खिळ्याला. बाबा बनियनवर पलंगावर पडले होते. "काऊन पोरी, आज लवकर आली?" त्यांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर झोपेच्या सुरकुत्या होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी तपासलं, विसरण्याच्या त्या आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. किल्ली मात्र आजच्या आज काढून घ्या, म्हणाले. मी किल्ली दुकानात नेऊन ठेवली. त्या दुपारी बाबांनी सगळं घर उलथंपालथं केलं. डबे उपडे केले, गादी फाडली. मी आले तर दाराच्या उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखे रडत होते. "सवारी उभी हाय अन् मले गाडी भेटून नाई राह्यली." दोन्हीकडे माणसाचा जीव होता. तिकडे ओट्यावरची म्हातारी, इकडे माझा बाप. किल्ली देऊ शकत नव्हते, आणि ते रडणं परत बघायची माझ्यात ताकद नव्हती.

मग मला त्यांचंच एक जुनं बोलणं आठवलं. गाडी डेपोत कामाला लागली असली की ड्रायव्हर वाद घालत नाही. मेकॅनिक जाऊ दे म्हणेपर्यंत बसून राहतो.

मी चारही चाकं उतरवली. गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी केली आणि किल्ली खिळ्याला परत लावली. दुपारी बाबा खाकी शर्ट घालून बाहेर आले, चाकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काम निघालं काय?"

"हो. रंग अजून ओला आहे."

"मंग थांबतो."

तेव्हापासून मी दुपारी घरी येते. बाबा ठोकळ्यांवरच्या गाडीत बसतात, इंजिन चालू न करता. स्टिअरिंग हातात, नजर समोरच्या टिनाच्या भिंतीवर. मी मागे बसते. ते थांबले हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळायला लागलंय. मग मी बांगडी दरवाजाच्या दांडीवर दोनदा वाजवते आणि ते निघतात. एकदा आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "ताई, रस्ता मस्त झाला आता. एक गचका नाई." मी हो म्हटलं. त्यांनी मला ओळखलं नव्हतं, पण नीट बसा म्हणून सांगितलं.

एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. एके दुपारी मला ताप होता, मी आत पडून होते. शेडमधून दोनदा ठण ठण आलं, स्वच्छ, धातूवर धातूचं. मी उठून खिडकीशी गेले. बाबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि मागची सीट रिकामी. ते आरशात बघून हसत होते. मी खिडकी लावून घेतली. त्यानंतर मागे बसायच्या आधी, का कोण जाणे, मी जरा थांबते आणि मग एका कडेला बसते.

खरी अडचण पुढेच होती. बाबा रोज संध्याकाळी चाकांवरून अंगठा फिरवतात. रंग ओला आहे की सुकला, हे त्या अंगठ्याला अजून कळतं. मी किती रेंगाळले तरी चौथं चाकही तयार झालं, आता रंग ओला आहे असं म्हणता येणार नव्हतं. एवढं सुंदर काम माझ्या हातून आधी कधी झालं नव्हतं. त्यात शेडचं छप्पर दिसत होतं, माझं तोंड दिसत होतं. बाबा आतून शर्टाची बटणं लावत येत होते, त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता.

मी खरखरीत पॉलिश पेपर उचलला आणि डाव्या चाकाच्या कडेवर दाबून ओढला, चांगला चार बोटं.

बाबा येऊन वाकले. अंगठा ओरखड्यावरून नेला, परत आणला.

"कोनं घासलं रे हे?"

"माझ्या हातून झालं, बाबा."

मला वाटलं, आता शिवी येणार. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या घडीला त्यांनी मला ओळखलं होतं.

"होते असं पोरी. रडते कायले? पुन्यांदा रंग दे," ते म्हणाले, आणि स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले. "मी थांबतो. मले काई घाई नाई."