पाण्याखालचा मुद्देमाल

नोकरीतले बरेच गुन्हे आता डोक्यातून पुसले गेले. फिर्याद कोणी दिली, कोण सुटलं, कोणाला शिक्षा लागली, काही सांगता येत नाही. नावेचा गुन्हा मात्र जसाच्या तसा आठवतो. त्यात खून नव्हता की दरोडा नव्हता. एक लाकडी मोटरबोट नाहीशी झाली होती आणि एक म्हातारा सुतार तोंड उघडत नव्हता, एवढंच.

मी तेव्हा अमरावतीच्या एका ठाण्यात शिपाई होते. नवं राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. चौथी पास, लिहिता-वाचता येतं, एवढ्यावर मला घेतलं होतं. ठाण्यात बाई मी एकटीच. बाई आरोपीची झडती, बायकांचे जबाब, घरझडतीच्या वेळी घरात बायका असतील तर सोबत जाणं, ही माझी कामं. उरलेला वेळ भिंतीकडच्या बाकावर. चार माणसांत बोलायचा मला धीर नव्हता, त्यामुळे बाकावरची बाई सगळं ऐकते हे लोक विसरून जात.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी अकोल्याचे एक शेठ फिर्याद घेऊन आले. त्यांचा कापसाचा जिन होता. पाटबंधाऱ्याच्या एका इंग्रज इंजिनियरनं देश सोडताना आपली मोटरबोट त्यांना विकली होती. अमरावतीबाहेर टेकड्यांच्या पायथ्याशी तलाव आहे, त्याच्या काठावर टिनाची शेड होती. तिथं ती नाव दहा-बारा वर्षं पडून राहिली. सोळा-सतरा फूट लांब, पुढं निमुळती, सगळी सागवानी, कडेनं पितळेच्या पट्ट्या, बसायला दोन बाकं. वऱ्हाडातले दहा उन्हाळे खाऊन तिच्या फळ्या इतक्या आखडल्या होत्या की फटीतून करंगळी जायची.

शेठनी ती दुरुस्त करायला एका म्हाताऱ्या सुतार मिस्त्रीला लावलं. हा मिस्त्री तरुणपणी त्याच इंजिनियरच्या हाताखाली होता, नाव त्याच्या ओळखीची होती. पाच महिने त्यानं काम केलं. कुजलेल्या फळ्या काढल्या, जुन्या दारांचं सागवान शोधून नव्या बसवल्या, गंजलेले खिळे उपटून तांब्याचे ठोकले, मोटर खोलून साफ केली. आता शेठच्या मुलीचं लग्न दोन आठवड्यांवर आलं होतं. जावयाला आणि वऱ्हाडातल्या पोराबाळांना नावेतून फिरवायचा बेत होता. शेठ पाहायला आले, तर शेड रिकामी.

"कोणावर संशय?" ठाणेदारांनी विचारलं.

"दुसरं कोण! त्या मिस्त्रीवरच. बुधवारी आमची वादावादी झाली. मी म्हटलं, फटी लांबीच्या लगद्यानं बुजवून टाक, वरून पॉलिश मार. तो म्हणे, जमत नाही. मी म्हटलं, जमत नसेल तर दुसरा बघतो. गुरुवारी बोट गायब!"

शेडपासून सडकेपर्यंत बैलगाडीच्या चाकांचे ठसे होते. तलावाकाठच्या चहावाल्यानं खबर दिली की गुरुवारी उजाडताना मिस्त्रीची गाडी गोणपाटात गुंडाळलेलं काही जड घेऊन गेली. जमादार जुने वऱ्हाडी होते. ते म्हणाले, "साहेब, एकदा तलावई पाहून घेऊ."

ठाणेदार पुण्याकडचे, शहरात वाढलेले. ते हसले. "जमादार, लाकूड आहे ते. बुडवलं तरी वर येईल."

शनिवारी मिस्त्रीच्या घराची झडती झाली. घरात तो आणि त्याची बायको. बाजेखाली गोणपाटात मोटर सापडली. पंचांसमक्ष जप्ती झाली. मिस्त्री भिंतीला टेकून उभा होता, जसं काही दुसऱ्याच्या घराची झडती चालली आहे.

"बाकीची बोट कुठं आहे?"

मिस्त्रीनं अंगणाकडे तोंड वळवलं.

अंगणात गाडी दगडांवर टेकवून ठेवली होती. तिला चाकं नव्हती. ठाणेदारांनी लगेच ते धरलं. "चाकं लपवली! ठसे जुळू नयेत म्हणून."

"नाई साहेब," जमादार म्हणाले, "उन्हाळ्यात सारेच लोकं चाकं डोहात टाकतात. लाकूड सुकलं का वरची लोखंडी धाव ढिली पडते. भिजून फुगलं का पक्की बसते."

तरी चाकं काढवली. घरामागच्या डोहातून दोन शिपायांनी ती ओढून आणली आणि ठशांशी ताडून पाहिली. ठसे जुळले. एवढा वेळ मिस्त्रीची बायको पदर तोंडाला लावून उभी होती. आता ती जमादारांना म्हणाली, "झालं का पाहून? मंग टाका वापस पान्यात. अर्धं भिजलेलं लाकूड उन्हात ठेवलं तं फाटते. तुमचं काय जाते!"

जमादारांनी स्वतः चाकं परत डोहात लोटली. आम्ही सगळे हसलो. मीही हसले. पुढ्यात पडलेली गोष्ट दिसली नाही, ती अशी.

अटक झाली, मॅजिस्ट्रेटनं कोठडी दिली. मग चौकशी. ठाणेदारांचा तर्क असा की मिस्त्रीनं नाव मोडून सागवान विकलं. शहरातल्या लाकडाच्या वखारी पालथ्या घातल्या, एक माणूस तेल्हाऱ्याला त्याच्या भावाकडे पाठवला. कुठं काही नाही. मिस्त्रीला उन्हात उभं केलं, दरडावलं, जमादारांनी टेबलावर काठी आपटली.

"काहून बे बुढ्या, पाच महिने तिले पोरीवानी नटवलं अन् मंग तोडून खाल्ली?"

"तोडली नाई," मिस्त्री म्हणाला. चौकशीत तो एवढंच बोलला.

मंगळवारी त्याचा साळा वकिलाला घेऊन आला. जामिनाचा अर्ज करू म्हणाला. कोठडीच्या गजाआडून मिस्त्रीनं हात हलवला. "राहू दे. आइतवारी सोडव. तवरक मी अथीसाच बरा आहो."

साळा चिडला. "सासुरवाडीले आला का तू? म्हने आइतवारी!"

माझ्या नोकरीत मी अनेक कोठडीतली माणसं पाहिली. बाहेर काढा म्हणून पाया पडणारे, शिव्या देणारे, आजारी पडणारे. रविवार अशी तारीख देऊन आत राहणारा हा एकच. मी बाकावर बसून ते ऐकलं आणि डोक्यात ठेवलं.

गुरुवारी दुपारी मिस्त्रीची बायको भाकरी घेऊन आली. रोज ती पायी यायची. त्या दिवशी साळ्यानं गाडीतून आणली. डबा तपासणं माझं काम. भाकरी, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा. डबा परत लावता लावता मी म्हटलं, "चाकं बसवली वाटते."

"हो ना. काल काढली. चाकाले सहा-सात दिस पुरतात."

"अन् जास्त जुनं लाकूड असलं तं?"

"दहा वर्सं सुकलेलं असलं तं दहा दिस तरी..." ती बोलता बोलता थांबली. तिनं कोठडीकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण उगाच दाबत बसली.

मागच्या गुरुवारी नाव गेली. रविवारी दहा दिवस होत होते. शनिवारी पाहिलेली अंगणातली चाकं नसलेली गाडी आता मला नीट दिसली. मी हळूच विचारलं, "तलावातच हाये ना नाव?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हळू आवाजात तिनं सगळं सांगितलं. मोटर काढून घरी आणली. मग ती, मिस्त्री आणि साळा अशा तिघांनी नाव शेडसमोरच्या फरसबंदी उतारावरून पाण्यात सरकवली, दगड भरले आणि फळ्या फुगून फटी आपोआप मिटाव्यात म्हणून बुडवली. म्हशींनी ढवळून पाणी गढूळ होतं, वरून काही दिसत नव्हतं.

"शेठ म्हने, लांबी भरा. फटी बुजवल्या अन् मंग लाकूड पान्यात फुगलं, तं फुगाले जागा कुठी? फळ्या उचकटतीन, व बाई. त्यात लेकरं बसनार, तलावाच्या मधात. यानं हात जोडून सांगितलं, तं शेठ म्हने पॉलिश खराब होईन. मंग यानं कोनाले सांगनंच सोडलं. सांगितलं का शेठ काढते वर, वाळत घालते उन्हात. पाच महिन्याचं काम फाटून जाईन." मग तिनं माझा हात धरला. "आइतवारलोक बोलू नका, बाई. तीनच दिस राहिले."

मी तिला वचन दिलं नाही. अंगावर सरकारी बिल्ला होता. फिर्यादीचा माल कुठं आहे हे कळल्यावर तो दाबून ठेवणं हा गुन्हाच. पण उठून ठाणेदारांच्या टेबलापर्यंत जायला मला अर्धा तास लागला, आणि तिथंही त्यांनी "काय आहे?" असं दोनदा विचारल्यावर आवाज फुटला.

संध्याकाळच्या आत आम्ही तलावावर होतो. शेठ त्या दिवशी अमरावतीतच होते, त्यांनाही बोलावलं. मिस्त्रीला बेड्या घालून आणलं. चहावाला आणि एक परीट पंच म्हणून घेतले. पाण्यात बांबू खुपसता खुपसता ठक् असा आवाज आला. परीट बुडी मारून वर आला आणि म्हणाला, "हाये साहेब. पुरी हाये. दगडं भरेल हायेत."

ठाणेदारांनी टोपी काढून घाम पुसला. जमादार त्यांच्याकडे पाहून काही बोलले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

शेठ मात्र ओरडले, "काढा, काढा! आत्ता काढा! माणसं बोलवा. उद्या दिवसभर उन्हात ठेवा, म्हणजे वाळेल तरी."

मिस्त्री तेव्हा पोलिसांपुढं प्रथमच आपणहून बोलला. बेड्या घातलेले हात पुढं करून तो ठाणेदारांना म्हणाला, "साहेब, मले काई बी शिक्षा द्या. पन तिले आत्ता काढू नका. तीन दिस फक्त. आत्ता काढून उन्हात ठेवली तं फाटन ते."

"चोर आम्हाला शिकवतो काय?" शेठ म्हणाले.

ठाणेदार घोटाळ्यात पडले. माल मिळाला होता, मालक समोर होता, माल मागत होता. माणसं गोळा झाली होती. मला काय झालं कोण जाणे. मी जमादारांच्या मागं उभी होते, तिथून म्हटलं, "साहेब, हा मुद्देमाल आहे ना? कोर्टाच्या हुकमाशिवाय फिर्यादीला देता येईल का?"

सगळे मागं वळले. पण बोलून झालं होतं.

ठाणेदारांनी माझ्याकडे पाहिलं, मग मिस्त्रीच्या हातांकडे. तो माणूस शहरातला असला तरी समजूतदार होता. "बरोबर आहे," ते म्हणाले. "शेठजी, उद्या कोर्टात अर्ज करा. हुकूम येईपर्यंत मुद्देमाल सापडला त्या जागी, सापडला त्या स्थितीत राहील. जमादार, पंचनामा लिहा आणि पहारा लावा."

"पान्यावर पहारा, साहेब?"

"पाण्यावर."

पंचनामा लिहिताना जमादारांना घाम फुटला. न दिसणाऱ्या वस्तूचं वर्णन कसं लिहायचं? शेवटी लिहिलं, 'बांबू लावून पाहता तळाशी लाकडी वस्तू असल्याचे पंचांस जाणवले.'

शेठनी शुक्रवारी अर्ज केला. कोर्टाचं काम कोर्टाच्या चालीनं चालतं. शनिवारी म्हणणं मांडलं गेलं, रविवारी सुट्टी, सोमवारी दुपारी हुकूम. एरवी या उशिराला आम्ही नावं ठेवायचो.

शनिवारीच मिस्त्रीला जामीन झाला. आता त्यानं नाही म्हटलं नाही. तो घरी न जाता तलावावर गेला आणि पहाऱ्याच्या शिपायाशेजारी बसला. सोमवारपर्यंत पहारेकरी आणि आरोपी दोघं एकाच झाडाखाली बसून पाण्याकडे पाहत होते. त्याची बायको दोघांचाही डबा आणायची.

सोमवारी दगड काढून, पाणी उपसून नाव वर आली. आतलं पाणी पुसून घेतलं आणि दोर लावून काठाशी तशीच तरंगत ठेवली. शेठ, ठाणेदार, पंच, आम्ही सगळे थांबलो. तासभर. मग मिस्त्री नावेत उतरला, गुडघ्यांवर बसून तळाच्या फळ्यांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला. वर आला आणि शेठच्या पुढ्यात तळवा धरला. तळवा कोरडा होता.

शेठनी त्या तळव्याला बोट लावून पाहिलं. "मला सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"सांगितलं होतं," मिस्त्री म्हणाला.

चोरीचा हेतू नसून गैरसमजातून फिर्याद झाली, असा अहवाल गेला आणि कागद मिटले. नावेचा वरचा भाग सावलीत वाळल्यावर मिस्त्रीनं दोन दिवसांत पॉलिश केलं. लग्न झालं. वऱ्हाडी मंडळी नावेत बसून तलावभर फिरली. आम्हाला बंदोबस्त होता, म्हणून मी ते पाहिलं. पुढच्या बाकावर पाच-सहा लहान मुलं होती, पाण्यात हात घालून खिदळत होती. मिस्त्री काठावर उभा होता. मी जवळ गेले आणि विचारलं, "बाबा, मले तरी सांगाचं होतं. मी रोज तिथंच बसून राहायची."

तो म्हणाला, "तुमी तरी कुठी बोलता, बाई? बोलन्यासारखं असते तईच बोलता. मी बी तसाच."

ठाण्यात आम्हाला शिकवलं होतं की गप्प बसणारा काहीतरी लपवत असतो. तीस वर्षांच्या नोकरीत ते पुष्कळदा खरंही निघालं. पण त्या मे महिन्यानंतर कोणी समोर गप्प बसलं की काठी हातात घ्यायच्या आधी मी त्याच्या घरी जाऊन यायची. अंगणात काय आहे, काय नाही, बायको कशावरून चिडते, ते पाहायची. काही माणसं लपवत नसतात, राखत असतात. दोन्ही चेहरे कोठडीच्या गजाआडून सारखेच दिसतात.

आणि मुद्देमालाचा नियम मला त्याआधीही पाठ होता. तो कशासाठी वापरता येतो, ते मात्र मला त्या तलावावर कळलं.