पल्याडच्या गावाकडं गेलेली रोहू

आमच्या धरणावर मासे धरणाऱ्या काकाची नक्कल मी झकास करतो. मान तिरपी, अन् दर वाक्याले ‘समजलं का गा?’

‘समुद्रावरचे देश मिळून ठरवते, कोनते मासे धरायचे नाई. आपली तं धरणाच्या दोन काठावरची दोनच गावं, समजलं का गा?’

दोन्ही गावायनं ठरवलं होतं, अंड्यावरची मासोळी सोडायची. त्या दिवशी काकाचा जावई पहिल्यांदाच जेवाले येनार, अन् काकाच्या जाळ्यात एकच रोहू, पोट टम्म फुगलेलं.

मी म्हटलं, “काका, पल्याडचं कोनी पाहून नाई राह्यलं.”

“ही पाहून राह्यली ना गा!”

काकानं तिले दोन्ही हातानं पान्यात धरलं. ती हलली, अन् सरळ पल्याडच्या गावाकडं गेली. जावयाले पिठलं वाढलं.

चहाच्या टपरीवर नक्कल करतानी आता तेही करून दाखवतो. हात पान्यात नेल्यावानी केले का कोनी हसत नाई. मीही नाई.